गिलाव्याच्या बाजूने

जुन्या इमारतीचा गिलावा खरवडावा आणि आतला दगड मोकळा करावा, या मताची मी कितीतरी वर्षं होते. मत मनात ठेवून गप्प बसले असते तर गोष्ट वेगळी. मी त्याचा प्रचार करायचे. कोकणातल्या घरांवर लिहिताना, कुणी दुरुस्तीचा सल्ला विचारला तर, गोव्याला निघालेल्या पाहुण्यांना काय बघा ते सांगताना माझं पालुपद ठरलेलं असे: उघडा चिरा तेवढा खरा, वरचा चुना म्हणजे झाकपाक. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस बघा, म्हणायचे. तांबूस, भारदस्त, चारशे वर्षांचं वय अंगावर घेऊन उभं आहे. आणि गावोगावची ती पांढरीशुभ्र चर्चेस? सगळी एकाच छापाची. गाडीतून बघितलीत तरी पुरे.

आज मी याच्या बरोबर उलट बाजूला उभी आहे. बॉम जेझूसला पुन्हा गिलावा करावा असं म्हणणाऱ्यांत मी आहे, आणि ज्या पांढऱ्या चर्चेसना मी एकाच छापाची म्हणत होते त्यांतलं एक, तिसवाडीतल्या तळावली गावचं सांत आना, मला भारतातल्या थोर इमारतींपैकी एक वाटतं. हे कसं झालं ते लिहून काढायचं आहे. कारण मत बदललं ते फक्त चुन्याविषयीचं नव्हतं.

आधी त्या जुन्या मताला न्याय देते. आमच्या पिढीवर लॉरी बेकरांचा मोठा प्रभाव. तिरुवनंतपुरमला राहून त्यांनी उघड्या विटांची जी घरं बांधली, त्यांनी आम्हाला शिकवलं की गिलावा हा पुष्कळदा निव्वळ खर्च असतो; भिंत ज्याची आहे त्याचीच दिसावी. बेकरांविषयीचा आदर आजही तसाच आहे. पण भाजलेल्या विटेला जे मानवतं ते चिऱ्याला मानवेलच असं नाही, एवढा साधा विचार मी केला नव्हता. या मतामागे आणखी एक कारण होतं. ते मी स्वतःशीही फार उशिरा कबूल केलं. त्याकडे पुढे येते.

चिऱ्याबद्दल मला पहिल्यांदा शहाणं केलं ते एका म्हाताऱ्या गवंड्याने. वेंगुर्ल्याकडच्या एका घराची दुरुस्ती चालली होती आणि मी नेहमीप्रमाणे गिलावा काढायचा सल्ला देत होते. तो म्हणाला, "चिरो पाणी पिता गो बाय. वर चुनो असलो तर प्यालेला पाणी भायर सोडता. सिमिट मारलंस तर थंयच रवता." चिरेखाणीच्या मुलखात वाढूनही हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा मी ऐकलं नव्हतं.

चिरा म्हणजे जांभा, आणि जांभा हा मुळात पावसाने घडवलेला दगड. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातली सिलिका धुऊन नेली की मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं, म्हणून तो तांबडा आणि म्हणून तो छिद्रांनी भरलेला. खाणीतून ताजा काढला की मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो. हवा लागली की टणकतो. पण छिद्रं राहतातच, आणि त्यांच्या आत मऊ माती असते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात उघड्या चिऱ्यातली ती माती हळूहळू धुपते, छिद्रं रुंदावतात, चिरा आतून पोकळ होत जातो. चुन्याचा गिलावा हे थांबवतो. शिंपले भाजून केलेला चुना विरवला, वाळूबरोबर घाणीत मळला आणि भिंतीवर लावला, की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत तो पुन्हा दगडासारखा होतो. भिंतीत शिरलेली ओल तो कोंडून ठेवत नाही. मात्र झिजतो तोच. काही वर्षांनी तो पोपडतो, मग पुन्हा लावायचा. भिंतीच्या वाट्याची झीज तो स्वतःवर घेतो. ज्याला मी झाकपाक म्हणत होते तो भिंतीचा राखणदार होता.

एवढं कळल्यावरही माझा हेका पूर्ण सुटला नव्हता. चुना गरजेचा असेल, पण देखणा कसा, असं मनात होतंच. तो शेवटचा हेका सुटला तळावलीत.

हे गाव गोवा वेल्हाजवळ आहे, मुख्य रस्ता सोडून आत. शेतं, माड, थोडी घरं आणि त्यांच्यामध्ये एकदम हे चर्च. गावाच्या मानाने त्याचा आकार इतका मोठा की नजरेला हिशेब लावायला वेळ लागतो. दर्शनी भाग पाच टप्प्यांत वर चढतो. प्रत्येक टप्प्याच्या माथ्यावर पुढे आलेली कंगणी, दोन कंगण्यांमध्ये अर्धस्तंभ, त्यांच्या दरम्यान खिडक्या आणि कोनाडे, कोनाड्यांच्या डोक्यावर शिंपल्याच्या आकाराची नक्षी. दोन्ही अंगांना चौकोनी मनोरे, वर कठडे. आत शिरलं की हे पाच मजले नाहीसे होतात आणि डोक्यावर अर्धगोल छताखाली एकच उंच दालन उरतं. भिंती इतक्या जाड की त्यांच्या पोटातून चालत जायच्या वाटा आहेत. पापनिवेदनासाठी लोक त्या वाटेने येत, असं सांगतात.

मी गेले तेव्हा समोरच्या एका अर्धस्तंभाचा पायाकडचा गिलावा वीतभर उडालेला होता. तिथे वाकून पाहिलं. आत चिरे होते, ओबडधोबड तासलेले, एकही कड धारदार नाही. चिऱ्यावर धारदार कड येतच नाही. छिद्रांच्या दगडावर बारीक काम धरत नाही. स्तंभाची गोलाई, त्याच्या बैठकीवरचे एकावर एक पट्टे, पट्ट्यांच्या मधली सावलीची रेघ, हे सगळं चुन्यात काढलेलं होतं. गवंड्याने चिऱ्याचा नुसता सांगाडा उभा केला होता आणि वास्तू रचली होती ती बोटभर जाडीच्या चुन्यात. तिथून मान वर करून पाचही टप्पे पुन्हा पाहिले. शिंपले चुन्याचे. कंगण्यांच्या कडा चुन्याच्या. मी इतकी वर्षं जे खरवडा म्हणत होते ते खरवडलं असतं, तर या चर्चचा दर्शनी भागच गेला असता. राहिली असती ती फक्त खाणीतून आणलेली रास.

पांढऱ्या रंगाचंही तेच. उन्हात त्या भिंतीवर प्रत्येक पुढे आलेल्या कडेची सावली निळसर आणि स्वच्छ पडते. तांबड्या, खडबडीत दगडावर हीच सावली हरवून जाते. कागद पांढरा असल्याशिवाय रेघ उठत नाही, तसं आहे ते. शिवाय प्रत्येक कंगणी पावसाचं पाणी भिंतीपासून दूर फेकते. पाच कंगण्या म्हणजे पाच पागोळ्या. शोभा आणि उपयोग यांची अशी सांगड मी ज्या उघड्या दगडांच्या इमारतींत शोधत होते, त्यांत ती क्वचितच भेटली होती.

आता ते दुसरं कारण.

तळावलीच्या दर्शनी भागाचा नमुना जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन संघाच्या नोसा सेन्योरा द ग्रासा चर्चवरून घेतला, असं अभ्यासक मानतात. ते चर्च १६०२ साली पुरं झालं. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बरखास्त केल्यावर ओसाड पडलं, १८४२ मध्ये त्याचं छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग ढासळला. आज तिथे एकच मनोरा उभा आहे, ४६ मीटर उंच, तोही अर्धा. उघडा तांबडा चिरा, वर आकाश. त्या मनोऱ्याखाली मी तासन्‌तास बसले आहे, त्याच्यावर लिहिलं आहे. आणि तेच चर्च ज्याच्या रूपात धडधाकट उभं आहे, पांढरंशुभ्र आहे, रविवारी माणसांनी भरतं, त्या तळावलीकडे मी ढुंकून पाहिलं नव्हतं. असं का, याचा विचार करायला लागले तेव्हा उत्तर फारसं सुखाचं नव्हतं. मला पडलेली चर्चेस आवडायची. उभी असलेली नाही.

आमची कुलदेवता अंत्रुजातली, म्हणजे फोंड्याकडची. देव नदीपलीकडे कसे न्यावे लागले, देवळं कशी पाडली गेली, हे आजीच्या तोंडून ऐकत मोठी झाले. शाळेत चिमाजी अप्पांची वसई शिकले, आणि वसईच्या किल्ल्यातल्या छपरं उडालेल्या चर्चेसमध्ये सहलीला गेले तेव्हा ती पडझड मला जिंकल्यासारखी वाटली. उघडा दगड म्हणजे हरलेली सत्ता, असं समीकरण तेव्हाच कुठेतरी बसलं असावं. पुढे त्याला मी सामानाच्या प्रामाणिकपणाचं, वास्तुकलेच्या तत्त्वाचं नाव दिलं. गिलाव्याला माझा विरोध होता कारण गिलावा केलेलं चर्च अजून कुणाचं तरी असतं.

कुणाचं, हा प्रश्न मग टाळता येईना. माझ्या मनातलं उत्तर एका शब्दाचं होतं: पोर्तुगीजांचं. तळावलीने ते टिकू दिलं नाही. हे चर्च बांधायला घेतलं १६८१ साली फ्रान्सिश्कु दु रेगु या पाद्रींनी, आणि त्यांच्यानंतर अंतोनियु फ्रान्सिश्कु द कुन्या या पाद्रींनी ते १६९५ मध्ये पुरं केलं. दु रेगु हे गोमंतकीय. त्यांच्यासारख्या स्थानिक पाद्रींना युरोपीय धर्मसंघांची दारं बहुतेक बंदच असत. याच दशकात गोमंतकीय पाद्रींनी जुन्या गोव्यात स्वतःचा संघ काढला, बाणावलीत जन्मलेले जोझे वाझ त्यात आले आणि तिथून श्रीलंकेत गेले. २०१५ मध्ये त्यांना संतपद मिळालं. तळावलीचं चर्च त्याच माणसांच्या पिढीचं.

या सालांकडे मराठी माणसाने जरा थांबून बघावं. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने जुवे बेट घेतलं, आणि व्हाइसरॉय कोंद द आल्व्होरने आपला अधिकारदंड फ्रान्सिस झेवियरच्या शवाशी ठेवून रक्षणाची याचना केली. ही हकिगत आम्हाला तोंडपाठ. त्याच व्हाइसरॉयने जून १६८४ मध्ये फर्मान काढलं की इथल्या लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. तळावलीचं काम सुरू झालं ते या मोहिमेच्या आधी आणि संपलं ते या फर्मानाच्या अकरा वर्षं नंतर. म्हणजे ज्यांच्या जिभेवर बंदी येत होती त्या लोकांनी, ज्या संघांत आपल्याला घेत नाहीत त्यांतल्याच एकाच्या चर्चचा नमुना उचलला आणि आपल्या गावात तो उभा केला. ही गुलामी म्हणायची की ईर्ष्या? मला आता ईर्ष्या वाटते. निदान मी बघत होते ती सत्तेची मोहोर ही नाही, एवढं नक्की.

पाउलु व्हारेला गोमिश या पोर्तुगीज कलाइतिहासकाराचं गोव्यातल्या चर्चेसवरचं पुस्तक २०११ मध्ये आलं. त्याचं म्हणणं असं की ही वास्तुरीत पोर्तुगालमधून उचलून आणलेली नाही आणि दोन संस्कृतींची खिचडीही नाही. गोव्याच्या कॅथलिक समाजाने ती आपल्यासाठी घडवली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चिडले. पोर्तुगीज माणसानेच हे पोर्तुगीज नाही म्हणावं, ही हात झटकायची चांगली सोय आहे, असं वाटलं. त्याच्या युक्तिवादाने माझं समाधान झालं असं म्हणणार नाही. ते केलं कवळ्याच्या देवळाने.

कवळ्याचं शांतादुर्गेचं आजचं देऊळ शाहू महाराजांच्या काळातलं, १७३८ च्या सुमाराचं, त्यांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने झालेलं. तिथे जाऊन एकदा भक्ताच्या नजरेऐवजी गवंड्याच्या नजरेने बघा. कमानदार खिडक्यांच्या रांगा, अर्धस्तंभ, कठडे, घुमट, रंगवलेला चुना. खाडीच्या या तीरावरचं आणि त्या तीरावरचं काम एकाच पेटाऱ्यातल्या हत्यारांनी केलेलं आहे. आमच्या घरात आजवर कुणी त्या देवळाला पोर्तुगीज म्हटलेलं नाही. म्हणूही नये, ते आमचंच आहे. मग बाहेरून आलेलं रूप घेऊन आपलं करायची मुभा आम्हाला असेल, तर तळावलीच्या माणसांना ती का नाही?

आणि गंमत अशी की ज्या उघड्या बॉम जेझूसला मी अस्सल मानत होते, त्याचा उघडेपणा मात्र खरोखर पोर्तुगीज राजवटीचा. १५९४ ते १६०५ या काळात बांधलेलं हे चर्च तीनशे वर्षांहून अधिक काळ गिलाव्यात होतं. तो काढला १९५० च्या दशकात, पोर्तुगालमधून आलेल्या बाल्ताझार द काश्त्रु या वास्तुतज्ज्ञाने. सालाझारच्या पोर्तुगालमध्ये जुन्या इमारती खरवडून अधिक पुरातन, अधिक वीरश्रीयुक्त दिसतील अशा करायची सरकारी रीतच होती. भारत स्वतंत्र झाला होता, गोवा आपलंच असं लिस्बन जगाला सांगत होतं, आणि त्या वेळी हे चर्च आहे त्याहून जुनाट दिसणं सोयीचं होतं. दर्शनी भागातले काळ्या दगडाचे खांब वसईकडून आणलेले. ते पांढऱ्या भिंतीवर किती उठून दिसत असतील! आता ते तांबड्यात बुडून गेले आहेत. इंग्लंडमध्येही एकोणिसाव्या शतकात खेडोपाडीच्या चर्चेसचे गिलावे असेच खरवडले गेले आणि त्याला वैतागून विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. हे मला ठाऊक होतं. इंग्लंडचं ठाऊक होतं, गोव्याला लावून बघितलं नव्हतं.

सांत आनाचं फेस्त जुलैअखेरीस असतं, ऐन पावसात. त्याला तवशांचं फेस्त म्हणतात. मूल हवं असलेली जोडपी तवसं, म्हणजे काकड्या, वाहतात, लग्न ठरावं म्हणून कुणी चमचा वाहतं, कुणी उडीद. तवसोळी खाऊन वाढलेल्या माझ्यासारखीला यात परकं काही शोधूनही सापडेना. नवसाची रीत आमची, भाजी आमची, पाऊस आमचा. त्या दिवशी चर्च शुभ्र नसतं. कंगण्यांखाली हिरवट-काळे ओघळ आलेले असतात, कोपऱ्यांत शेवाळ असतं. पूर्वी मी याला निगा न राखणं म्हटलं असतं. आता दिसतं की चुना त्याचं वर्षाचं काम करतो आहे आणि पाऊस सरला की त्याला पुन्हा हात लागणार आहे. उघड्या दगडाला दरवर्षी कुणाची गरज नसते. पांढऱ्या भिंतीला असते. ज्या इमारतीला माणसांची अशी कायमची गरज आहे तिची माणसं तिला विसरत नाहीत.

मत बदललं म्हणजे सगळंच बदललं असं नाही. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली, १५६० पासून १८१२ पर्यंत इन्क्विझिशन चाललं, आणि तळावलीचं चर्च किती सुंदर आहे यावरून त्या हिशेबातली एक पैही कमी होत नाही. आजीचं दुःख खरंच होतं. ते मी एका भिंतीच्या गिलाव्यावर काढत होते, तेवढं थांबवलं.

बॉम जेझूसविषयी लोक माझ्याशी वाद घालतात. सत्तर वर्षं ते तांबडं आहे, पर्यटकांच्या, इथल्या तरुण मंडळींच्या मनात तसंच बसलं आहे, तर आता तोही इतिहासच झाला ना? मुद्दा बिनतोड नाही, पण टाकाऊही नाही. इमारतीच्या आयुष्यातला कुठला काळ खरा धरायचा, याचं सोपं उत्तर मलाही देता येत नाही. माझं म्हणणं एवढंच की चिऱ्याला लोकभावना कळत नाही. तो पाणी पितो. भावना जपून भिंत गमवायची की भिंत जपून भावनेला थोडी सवय लावायची, यात मी भिंतीकडून आहे.

आणि आता कुणी जुन्या घराचा गिलावा काढू का असं विचारलं, तर मी सल्ला देत नाही, उलट विचारते: चुन्याचा गवंडी कुठून आणणार? कारण खरी अडचण तिथे आहे. घाणी बंद पडल्या, चुना मळणारे हात म्हातारे झाले, आणि कोकणात काय नि गोव्यात काय, जुन्या भिंतींवर सिमेंट आणि त्यावर डब्यातला प्लास्टिक रंग चढतो आहे. तोही पांढराच असतो, दुरून तसाच दिसतो, आणि आतल्या चिऱ्याची ओल कोंडून त्याला कुजवतो. म्हणजे माझं भांडण संपलेलं नाही. पूर्वी ते पांढऱ्याशी होतं, आता डब्यातल्या पांढऱ्याशी आहे. या बाबतीत माझं मत बदलेल असं मला अजिबात वाटत नाही. अर्थात हे वाक्य मी गिलाव्याविरुद्ध लिहितानाही लिहिलं होतं.